काळी छत्री, काडी निखळलेली

वस्तू हरवते कशी, हे कुणीही सांगेल. ती सापडते कशी, हे सांगायचा अधिकार त्या अख्ख्या गावात एकट्या हरवलेसाहेबांना होता, आणि नेमक्या त्याच प्रश्नावर साडूनं त्यांना जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, आडवं केलं.

"व्हिडिओ तुम्ही कराल हो, साडूबुवा," साडू म्हणाला, "पण तुम्हाला शोधणार कोण?"

हरवलेसाहेबांचा घास हातातच राहिला. जन्मभर ते बसस्थानकाच्या मागच्या खिडकीत बसले होते. खिडकीवर पाटी होती, 'हरवले-सापडले'. त्यातलं 'सापडले' उन्हानं कधीच पुसून नेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या पाटीवरून गावानं साहेबांचं बारसं केलं होतं. पुढे ते निवृत्त झाले, खिडकीला फळी ठोकली गेली, आणि कुणीच न्यायला न आलेल्या छत्र्या भंगारात निघाल्या. साहेबांना ते पाहवेना. रीतसर परवानगी काढून त्यांनी त्या सगळ्या घरी आणल्या आणि गॅलरीत टांगल्या. काळ्या, निळ्या, मोडक्या, फाटक्या, वटवाघळांसारख्या उलट्या. रोज एक छत्री उतरवायची, काड्या बसवायच्या, कापड सांधायचं आणि गरजवंताला देऊन टाकायची. हात चालायचे तेव्हा ओठही चालायचे.

"काडी गं काडी बाई, कशी कमरेत वाकली,
वाऱ्याशी भांडता भांडता घरची वाट चुकली."

ही ओवी त्यांची त्यांनीच जुळवली होती. कुणी ऐकतंय असं वाटलं की ते खोकल्याचं सोंग करत.

आता हेच काम कॅमेऱ्यासमोर करून जगाला दाखवावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि ते बोलून दाखवायला त्यांनी साडूचं घर निवडावं, ही चूक कुणाही भोळ्या माणसाकडून होण्यासारखी होती.

साडू राहायचा बरोबर त्यांच्या डोक्यावर. दोघी बहिणी एकाच इमारतीत दिल्यामुळे सासऱ्यांचा जाण्यायेण्याचा त्रास वाचला होता आणि साहेबांचा कायमचा सुरू झाला होता. साडूचा व्हिडिओब्लॉग जोरात चालायचा. तो खोकी उघडायचा. बस, एवढंच. मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, पायपुसण्याचं खोकं. आतून वस्तू निघाली की "अरे बापरे!" म्हणायचा. खोक्यावर मिक्सरचं चित्र असताना आतून मिक्सर निघाल्यावर माणसाला एवढा धक्का का बसावा, हे साहेबांना कधी कळलं नाही. पण त्या धक्क्याला हजारो माणसं जमत होती. घरात खोकी ठेवायला जागा उरली नव्हती, आणि साडूची नजर खालच्या गॅलरीवर होती. तिथं उजेडही चांगला यायचा.

"एक तरी येईल," साहेब म्हणाले.

"नातेवाईक चालणार नाहीत हं!"

"परका येईल. आपल्या पायानं, कुणी न पाठवता येईल."

"आणि नाही आला तर?"

हा प्रश्न ऐकताच साहेबांच्या बायकोनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण दुखावलेल्या मानाला पाय नसतात, त्यामुळे इशारा पोचला नाही. साहेब ताठ झाले आणि म्हणाले, "शाळांना सुट्ट्या लागेपर्यंत एकही परका माणूस आला नाही, तर गॅलरी तुमची. छत्र्या मी स्वतः भंगारात घालून येईन."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" साडू म्हणाला आणि त्यानं भात वाढून घेतला.

जिना उतरताना बायको एवढंच म्हणाली, "गॅलरीत माझी दोरीसुद्धा आहे कपड्यांची. तिलाही विचारायचं होतंत पैजेआधी."

---

साहेबांनी फोन एका रिकाम्या डब्याला बांधला, डबा स्टुलावर ठेवला, आणि कॅमेरा फक्त हातांवर धरला. चेहरा दाखवायची त्यांना लाज वाटायची. पहिला व्हिडिओ तयार झाला. आता नाव काय द्यायचं? साहेबांच्या हाताला एकच वळण ठाऊक होतं. आलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधताना लिहीत तसंच त्यांनी लिहिलं, 'काळी छत्री, एक. काडी निखळलेली.'

मग ते वाट पाहत बसले. यात त्यांचा हात कुणी धरला नसता. वाट पाहणं हा त्यांचा पगारी व्यवसाय होता.

तिसऱ्या प्रहरी आकडा हलला. कुणीतरी पाहिलं होतं! साहेब स्वयंपाकघरात धावले. बायकोनं विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलात का मघाशी?" त्यांनी पाहिला होता. पुन्हा आकडा हलला. तेव्हा त्यांनी तो बायकोच्या फोनवर पाहिला होता. असं दोनचार दिवस चाललं. आपल्याच दारावर टकटक करायची आणि आतून "कोण आहे?" म्हणून धावत यायचं, तसली गत.

तरी साहेबांना त्या यंत्राचं मोठं कुतूहल वाटू लागलं. आत खोल कुठंतरी एक पान होतं. प्रेक्षक किती आले, किती वेळ थांबले, आणि कुठून आले, हे सगळं त्यात दिसायचं. काही 'शोधून' येतात, काही 'सुचवल्यावरून' येतात. शोधून येणारे साहेबांना कळत होते. तशीच माणसं जन्मभर त्यांच्या खिडकीशी आली होती, घामेजलेली, भांबावलेली. पण सुचवल्यावरून?

"हा सुचवणारा कोण?" त्यांनी समोरच्या विमाएजंटांना विचारलं. एजंट हे त्या मजल्याचे सर्वज्ञ. नळ गळू दे की लग्न मोडू दे, त्यांचं मत आधी तयार.

"तो अल्गोरिदम, साहेब."

"कुठं बसतो?"

"कुठंच बसत नाही."

"मग वरिष्ठ कोण त्याचे?"

"कुणी नाही."

कुठं न बसणारा, वरिष्ठ नसलेला आणि तरी इतक्या माणसांना वाट दाखवणारा कर्मचारी साहेबांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. त्यांना त्याच्याविषयी आदरच वाटला. एखाद्या चहाच्या वेळेला भेटला असता तर त्यांनी त्याला पुष्कळ विचारलं असतं. बाबा रे, एवढ्या गर्दीत कुणाचं काय हरवलंय हे तुला कळतं कसं? चेहऱ्यावरून?

"पण तुमचं चुकतंय कुठं सांगू?" एजंटांनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही खरं लिहिता. काळी छत्री, एक. अहो, कोण येईल? माणूस भीतीनं येतो. इतकी वर्षं मी दारोदार हिंडतोय, मला विचारा. नुसतं 'विमा घ्या' म्हटलं की दार बंद. 'उद्या तुमचं काही झालं तर' म्हटलं की चहा!"

एजंटांनी स्वतःच नवं नाव सुचवलं, 'शेवटी यांचं जे झालं ते पाहून तुम्ही हादराल'. आणि वर चित्र हवं. चित्रात तोंड उघडं हवं, डोळे बटाट्याएवढे. सगळे तसंच करतात म्हणे.

साहेबांनी चार वेळा नको म्हटलं आणि पाचव्या वेळी तोंड उघडलं. फोटो बायकोनं काढला. "आणखी उघडा," एजंट सांगत होते, "आणखी! दाढ दिसू द्या!"

आणि काय सांगावं, आकडा खरंच पळाला. दुपारपर्यंत वीस, संध्याकाळपर्यंत शंभराच्या घरात! साहेब गॅलरीत येरझाऱ्या घालत छत्र्यांना सांगत होते, "बायांनो, वाचलात!"

एवढ्यात जिन्यावरून धडधडत मेहुणी खाली आली. पदर डोळ्यांना. "ताई गं! कधी झालं हे?"

"काय?"

"भाऊजींचं!" आणि तिची नजर दारात उभ्या असलेल्या भाऊजींवर पडली. तिनं किंकाळी फोडली ती थेट वरच्या मजल्यावर पोचली.

उलगडा व्हायला रात्र झाली. 'शेवटी यांचं जे झालं', आणि खाली आ वासलेला, डोळे पांढरे झालेला चेहरा, हे एका चुलतभावानं पाहिलं होतं, त्यानं दुसऱ्याला कळवलं होतं, दुसऱ्यानं सगळ्या गोतावळ्याला. मग फोन सुरू झाले. साहेबांनी उचलला की पलीकडचा माणूस हुंदका आवरून म्हणायचा, "कोण बोलतंय? मुलगा का?" एका दूरच्या आत्यानं तर "मी स्वतःच बोलतोय" हे ऐकून फोन टाकला आणि दोन दिवस अंथरूण धरलं. जुन्या कचेरीतल्या वरिष्ठांनी श्रद्धांजलीत 'मितभाषी व वक्तशीर' असे दोन शब्द लिहिले. नोकरीत असताना त्यांनी एकही लिहिला नव्हता.

साडू जिन्यात उभा राहून हिशेब करत होता. "चुलत, मावस, आते. शेजारी. कचेरी. परका कोण आहे यात साडूबुवा? एक तरी दाखवा."

एकही नव्हता. माणूस गेल्यावर परके येतात कुठं? तेव्हाही ओळखीचेच येतात.

---

हे निस्तरतंय तोच यंत्राकडून सूचना आली. आपल्या व्हिडिओत टोकदार शस्त्र दिसत असून प्रक्षेपण थांबवण्यात आले आहे. शस्त्र म्हणजे छत्रीची काडी. पुढं लिहिलं होतं, आपण आपणच असल्याचा पुरावा सादर करावा. साहेबांनी ओळखपत्राचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ओळखपत्रावरील चेहरा आपल्या पानावरील चेहऱ्याशी जुळत नाही. कसा जुळणार? ओळखपत्रावर साहेबांचं तोंड बंद होतं.

"मग पुन्हा तसंच तोंड उघडून नवं ओळखपत्र काढा," एजंटांनी सुचवलं. बायकोनं त्यांच्यापुढचा चहा उचलून नेला.

साहेब थेट टेलिफोन कंपनीच्या ग्राहक केंद्रात गेले. टोकन घेतलं, बाकावर बसले. काचेपलीकडे एक मुलगी होती. समोर खिडकी, अलीकडे रांग. सबंध आयुष्यात साहेब खिडकीच्या या बाजूला कधी आले नव्हते. इकडून ती फार उंच दिसत होती.

"हे आमच्याकडे येत नाही, काका," मुलगी म्हणाली. "आम्ही फक्त फोन देतो. फोनमध्ये काय घडतं ते आमचं नाही."

"मग कुणाकडे जाऊ?"

"त्यांनाच कळवा."

"त्यांनाच कळवलं. ते म्हणतात, मी मीच आहे कशावरून?"

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना काका. कुणीही येऊन म्हणेल."

हेच वाक्य, याच सुरात, साहेबांनी जन्मभर म्हटलं होतं. 'बॅग तुमचीच कशावरून? खूण सांगा. कुणीही येऊन म्हणेल.' समोरचा माणूस आपलीच बॅग चार हातांवर दिसत असताना कपाळावरचा घाम पुसत आठवत बसायचा. आत काय होतं, किल्ली कुठल्या कप्प्यात होती. आणि मग एखादी खूण पटली की कसा उजळायचा त्याचा चेहरा! त्या क्षणासाठीच तर साहेब इतकी वर्षं त्या खिडकीत बसले होते. पण आता स्वतःची खूण काय सांगायची? त्यांना एकही सुचेना.

घरी येऊन त्यांनी तो आ वासलेला चेहरा उतरवला. भयंकर नाव पुसलं. "जे आहे ते लिहा," बायको म्हणाली. "खोटं तुम्हाला शोभत नाही, आणि जमत तर त्याहून नाही." त्यांनी पुन्हा लिहिलं, 'काळी छत्री, एक. काडी निखळलेली.' चेहराच नाही म्हटल्यावर यंत्राला जुळवायलाही काही उरलं नाही. आठवडाभरानं कारण न देता त्यांचे व्हिडिओ सुरू झाले. सरकारी असो की बिनसरकारी, कामं अशीच होतात.

आणि मग तो दिवस उगवला. 'तपकिरी छत्री, मूठ सैल' या व्हिडिओखाली एक शब्द उमटला, 'छान.'

नाव अनोळखी! चुलत नाही, मावस नाही. साहेबांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं, आणि खुर्चीत ताठ बसून उत्तर लिहिलं. 'आपला अभिप्राय पोचला. कृपया कळवावे : आपण कोण? कुठून आलात? आपणांस कोणी पाठविले काय? व्हिडिओ आपणच पाहिला याची खूण म्हणून मुठीचा रंग व दोऱ्याचा रंग सांगावा.'

दुसऱ्या दिवशी तो 'छान' तिथं नव्हता. पाहुणा दारातून आत येतो न येतो तोच त्याला पोलिसचौकीत बसवावं, तसं झालं होतं.

"एक शब्द बोलला होता बिचारा," बायको म्हणाली. "त्याची उलटतपासणी केलीत!"

"खूण नको पटवायला?"

"अहो, तो काही न्यायला आला नव्हता. द्यायला आला होता."

साहेब बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. छत्र्यांकडे पाहायचं धैर्य त्यांना झालं नाही.

---

सुट्ट्या जवळ आल्या. पण याच दिवसांत त्या आकड्यांच्या पानावर साहेबांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. कुणीतरी एकजण त्यांचे व्हिडिओ पाहत होता. रोज. सकाळी सुरू व्हायचा, दुपारी जेवायला थांबायचा, संध्याकाळी पुन्हा. मधेच सोडून जायचा नाही. पहिल्या काडीपासून छत्री उघडेपर्यंत! आणि आठवड्यातून एक दिवस मात्र अजिबात यायचा नाही.

आठवड्याची सुट्टी घेणारा प्रेक्षक! साहेबांची झोप उडाली. हा कोण? कुठून आला? यंत्र म्हणत होतं, 'सुचवल्यावरून'. बस, तेवढंच.

पहिला संशय बायकोवर गेला. दयेपोटी पाहत असेल. "मी कशाला पाहू?" ती म्हणाली. "मला तुम्ही दिवसभर समोर दिसताच. तेही थांबवता येत नाही." मग एजंट. पण ते दुसऱ्याचं कुठलंही वाक्य शेवटपर्यंत ऐकत नसत, व्हिडिओ काय ऐकणार! मग आत्या. तिनं अजून त्यांच्या जिवंतपणावर विश्वास ठेवला नव्हता.

या नादात साहेबांनी दाढी करणंसुद्धा सोडलं. कुतूहल फार वाईट. भूक लागली तर जेवता येतं. सुट्टीच्या दिवशी हा काय करत असेल? त्याच्याकडे छत्री असेल का? ते संध्याकाळी रस्त्यानं चालताना येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. हा असेल? की ती, भाजीची पिशवी घेतलेली? लोक त्यांच्याकडे पाहून घाईनं रस्ता ओलांडत.

"पुरावा नाही, साडूबुवा," साडू म्हणाला. "आकडा म्हणजे माणूस नव्हे. माझ्याकडे हजारो आकडे आहेत, मी कधी म्हटलं का, माणूस दाखवतो?" आणि हसला. मागे एकदा छत्र्यांची टिंगल करायला म्हणून त्यानं मुद्दाम नव्या छत्रीचं खोकं उघडलं होतं. "काडी बसवत बसणाऱ्या मंडळींनो, बटण दाबा, मोकळे व्हा!" असं त्यात होतं. तो त्याचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ.

शाळा सुटल्या. सकाळीच साडू मोजपट्टी घेऊन खाली आला. "आधी केस कापून येतो," तो म्हणाला, "दुपारी माप घेऊ. उद्या खोक्यांचा टेंपो यायचाय. तुम्हीही चला की. दाढी बघा तुमची. असा चेहरा पाहून भंगारवालासुद्धा छत्र्या घ्यायचा नाही."

"जा," बायको हळूच म्हणाली. "माणसात या जरा." आणि तिनं गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडायला घेतली. ती दोरी सुटताना साहेबांनी पाहिली आणि मुकाट्यानं चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये एकच खुर्ची, एकच आरसा आणि एकच न्हावी होता, पण बोलणं दहा जणांचं. साहेब इतकी वर्षं तिथं येत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना "हं" पलीकडे शब्द काढायची संधी मिळाली नव्हती. खुर्चीत आधीच कुणीतरी होतं. मान मागं टाकलेली, तोंडभर फेस, डोळे मिटलेले. दोघं साडू बाकावर बसले. आरशाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आवाज येत होता. "आणि हे बघा मंडळी, बटण दाबलं! अरे बापरे!"

साडू फुलला. "ऐकलंत? आपलाच! नव्या छत्रीचा!" त्यानं कोपरानं साहेबांना ढोसलं. "जिथं जावं तिथं आपणच. काय हो, काय करायचं प्रसिद्धीला?"

साहेब जमिनीवरच्या केसांकडे पाहत राहिले.

व्हिडिओ संपला. फोन क्षणभर गप्प झाला, आणि मग, कुणीही बोट न लावता, आपोआप, दुसरा आवाज सुरू झाला. बसका, सावकाश, जरा लाजरा.

"काळी छत्री. एक. काडी निखळलेली."

साहेबांनी मान वर केली. पडद्यावर दोन हात होते. त्यांचेच.

"हे काय लागलं मधेच?" साडू उठला. "बदला, बदला! माझा दुसरा लावतो, पंख्याचा."

"हात लावू नका!" फेसातून आवाज आला. खुर्चीतल्या माणसानं डोळे उघडलेसुद्धा नव्हते. "याच्यासाठी तर बसलोय मी. तो बटणवाला आधी सोसावा लागतो. जाहिरातीसारखा."

साडू उभ्याचा बसला.

"असंच आहे बघा," न्हावी वस्तरा परजत म्हणाला. "मी तो छत्रीच्या खोक्याचा लावला होता एकदा. तो संपला नि पाठोपाठ हा लागला. म्हटलं, बदलावा. तर खुर्चीतलं पोर रडायचं थांबलं! कानाला कात्री लागली तरी हलेना. तेव्हापासून हाच. मोठी माणसंसुद्धा कशी गाईसारखी बसतात. हे आपले मोटारीचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडतात. यांना तीन गावांत तीन न्हावी आहेत, पण दाढी इथंच. कोण आहे हा छत्रीवाला देव जाणे. चेहरा कधी दाखवत नाही. पण आपण म्हणतो —"

"शू!" फेसवाला म्हणाला. न्हावी गप्प झाला. हे साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्याची सुट्टी! सकाळी सुरू, दुपारी जेवायला बंद! साहेबांना सगळं एकदम दिसलं, आरशात दिसावं तसं. तो सुचवणारा, कुठं न बसणारा, त्यानं साडूच्याच खोक्यातून वाट काढून माणसं त्यांच्या खिडकीशी आणून सोडली होती. साहेबांच्या जिभेच्या टोकाशी सगळे प्रश्न गोळा झाले. आपण कोण? कुठून आलात? कुणी पाठवलं? त्यांनी तोंड उघडलं —

"तुम्हीपण गप्प बसा हो!" माणूस डोळे मिटूनच म्हणाला. "काडी बसवतायत ते."

साहेबांनी तोंड मिटलं. स्वतःचं ऐकता यावं म्हणून ते स्वतः गप्प बसले. पडद्यावरच्या हातांनी तार वळवली, दोरा ओवला, आणि बसका आवाज गुणगुणला, "काडी गं काडी बाई, कशी कमरेत वाकली..." आणि फेसाच्या आतून, ओठ न हलवता, दुसरी ओळ आली, "...घरची वाट चुकली." कितीतरी वेळा ऐकल्यावर येते तशी, सहज. मग पडद्यावर छत्री फट्‌कन उघडली आणि खुर्चीतल्या माणसानं मोठा श्वास सोडला, जणू ती त्याच्याच डोक्यावर उघडली होती.

"हां," तो म्हणाला. "आता बोला. काय म्हणत होतात मघाशी?"

"काही नाही," हरवलेसाहेब म्हणाले.

माणूस इतक्या झटकन वळला की न्हाव्याला वस्तरा वर उचलावा लागला. त्यानं फोनकडे पाहिलं. मग अर्ध्या फेसानं साहेबांकडे, त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"पुन्हा म्हणा बघू."

"काय?"

"तेच ते. काडी गं बाई."

साडू पुटपुटला, "अहो, हे कशावरून —" पण त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

साहेबांना खोकल्याचं सोंग करावंसं वाटलं. घशात आलंही होतं. पण बाकाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, जमिनीकडे पाहत, माणसांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. न्हावी वस्तरा हवेत धरून उभा होता.

"अरे!" माणूस म्हणाला, आणि त्याचा फेसाळ चेहरा उजळला. खिडकीच्या आतून साहेबांनी हजारदा पाहिलेला तो उजेड. या वेळी तो त्यांच्या खुणेमुळे होता.

साडूनं खिशात हात घातला. मोजपट्टीची पत्र्याची जीभ सटकन आत गेल्याचा आवाज तेवढा आला.

"तुम्हीच सापडलात, बरं झालं," माणूस खुर्चीच्या हातावर वाकून म्हणाला. "गाडीत माझी छत्री आहे हो. वडिलांची. वाऱ्यानं पार उलटी केलीय. बघाल का?"

साहेब ताठ झाले. चष्मा वर सरकवला.

"रंग?" त्यांनी विचारलं.